दुखवट्याच्या पाकिटातला ओव्हरटाइम

नलूताई,

तुझ्या तेराव्याला शेठ आला होता. आपला शेठ, ज्याच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात तू आणि मी इतकी वर्षं कुकरच्या रबरी रिंगा कातरल्या, तोच. पांढरा शर्ट घालून, चपला दाराबाहेर काढून, तुझ्या ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत अगदी वाकून आत शिरला. तू असतीस तर माझ्या कानाशी लागून म्हणाली असतीस, 'सुमे, बघ, ह्याला वाकता येतं.' तू नव्हतीस. तुझा फोटो होता, त्याला हार होता, आणि त्या फोटोतसुद्धा तू कोणावर तरी रागावल्यासारखी दिसत होतीस. कोणी निवडला तो फोटो देव जाणे. आधारकार्डासाठी काढलेला असणार.

हे सगळं मी तुलाच सांगते आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. आमचे हे म्हणतात, झालं ते झालं, आता तोंड बंद ठेव. मुलगी म्हणते, आई, तू बोललीसच कशाला. सकाळी जाग येते तेव्हा आधी पोटात गोळा उठतो. मग आठवतं, तू गेलीस. मग आठवतं, परवा ठाण्याला तारीख आहे. गोळा कशाचा आहे ते मला नीटसं कळत नाही, तुझ्या जाण्याचा की त्या तारखेचा. बहुतेक दोन्हीचा मिळून एकच आहे.

ठाण्याच्या लेबर ऑफिसात आपण दोघींनी अर्ज दिला, तेव्हा त्याखाली दोन सह्या होत्या. बाकीच्या बायकांनी आयत्या वेळी हात मागे घेतले. दोन सह्यांत एक तुझी ठसठशीत, एक माझी, कोपऱ्यात दबकून बसलेली. आता तुझी गेली, माझी उरली. एकटी सही कशी दिसते गं साहेबाच्या टेबलावर? मला तर रात्रंदिवस तीच दिसते.

किती शब्द होते आपल्याकडे एका पैशाला. महिन्याच्या पैशांना आपण पगार म्हणायचो नाही, हजेरी म्हणायचो. 'हजेरी झाली का?' म्हणजे पैसे मिळाले का. न आलेल्या दिवसाचा खाडा. आधी मागितले तर उचल. आणि सुट्टीची घंटा झाल्यावर आणखी तीन-चार तास रिंगा कातरल्या तर त्याला नाव होतं थांबणं. 'काय गो बायांनो, कोन कोन थांबतंय?' घरत सुपरवायझर दारात उभा राहून असा विचारायचा, जणू पाहुण्यांना जेवायला थांबवतोय. थांबल्याचे थोडे पैसे शनिवारी हातात पडायचे, त्यांना चहापाणी म्हणायचं. उरलेले दसऱ्याला मिळायचे, त्यांना खुशी म्हणायचं. ओव्हरटाइम हा शब्द गाळ्यात कोणी तोंडातून काढायचं नाही. मला तर तो शिवीसारखा वाटायचा, म्हणजे थोरामोठ्यांसमोर चुकूनही बाहेर पडू नये असा.

तुला मात्र तोच शब्द हवा होता. 'चहापाणी म्हटलं की किती द्यायचं ते देणारा ठरवतो,' तू म्हणायचीस. 'ओव्हरटाइम म्हटलं की कायदा ठरवतो. दुप्पट.' मी म्हणायचे, 'मिळतंय ना? मग नाव काही का असेना.' त्यावर तू म्हणालीस, 'उद्या तुला सुमन न म्हणता नुसतं ए बाई म्हटलं तर चालेल?' मी म्हटलं, 'चालतंच आहे की.' डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षात तिसरी सीट भरायची वाट बघत आपण हा वाद घालायचो. मी कोपरहून चालत यायचे, तू ठाकुर्लीहून, आणि भेटलो की कालच्या वादाचं टोक पकडून पुन्हा सुरू. एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, 'मावशी, काय तो निकाल लावा एकदाचा, मी पण टेन्शनमध्ये असतो.'

निकाल लागला नाही. माझी आई साताऱ्याकडे दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जायची, तिला संध्याकाळी ठरलेला रोज मिळायचा. तुझ्या आईला देवगडकडे लावणीच्या दिवसांत पायलीनं भात मोजून मिळायचं. तुझं म्हणणं, त्या दोघी आपल्यापेक्षा बऱ्या, काय पदरात पडणार ते त्यांना सकाळीच ठाऊक असायचं. माझं म्हणणं, उन्हातान्हात चिखलात राबणं काय बरं? तू म्हणायचीस, 'घाटावरच्या बाईला विषय बदलायला फार येतो.' मग मी कोकणातल्या माणसांच्या चिकटपणावर घसरायचे आणि आपण एमआयडीसीत पोहोचायचो. खरं सांगते, तुझं म्हणणं मला पहिल्या दिवसापासून पटलं होतं. पण पटलं म्हटलं असतं तर पुढे काहीतरी करावं लागलं असतं, आणि मला ते नको होतं.

तुझ्याशी वाद घालणं सोपं होतं, कारण तुझा राग मला कधी लागायचा नाही. मी गाळ्यात पहिल्यांदा आले तेव्हा कात्रीनं माझी बोटं सोलपटून निघाली होती. रिंगेच्या कडेचं रबर काढायला मी कात्री गोल गोल फिरवत बसायचे. तू दोन दिवस बघितलंस, मग माझ्या मागे उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'कात्री जागच्या जागी ठेव. रिंग फिरव.' एवढंच. बोटं वाचली, नोकरी वाचली. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा माझ्या वाटणीच्या रिंगा तू कातरल्यास आणि वर मला दम दिलास, 'कोणाला सांगू नकोस, नाहीतर सगळ्या माझ्याकडे येतील.' त्याबद्दल मी तुला नीट दोन शब्द कधी बोलले नाही. आपल्यात ते बोलायची पद्धत नव्हती.

त्या खंडेनवमीची गोष्ट अजून गाळ्यात निघते. प्रेसच्या मशीनला झेंडूची माळ घातलेली, आपल्या कात्र्या ताटात मांडून त्यांना हळदकुंकू लावलेलं. पूजा झाली की शेठ एकेकीला मिठाईचा पुडा द्यायचा, वर खुशीचं पाकीट. घ्यायचं आणि त्याच्या पायाशी वाकायचं. असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण पहिली वाकली की दुसरी ताठ कशी राहणार? तू पुडा घेतलास, पाकीट घेतलंस, वळलीस आणि ताटातल्या कात्रीला नमस्कार केलास. घरत घाबरून म्हणाला, 'नलिनीबाय, शेठ हिकरं हायेत.' तू म्हणालीस, 'दिसले मला. त्यांनी दिवाळीला फराळाला बोलावलं तर तेव्हा पाया पडेन, वयानं मोठे आहेत. हे माझे थांबल्याचे पैसे आहेत.' शेठ हसला. त्याचं ते हसणं मला काही बरं दिसलं नाही.

तुझ्या मागे रांगेत मीच होते. मी दोन्ही केलं. कात्रीलाही वाकले, शेठलाही वाकले. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, 'तुझी कंबर अजून चांगली आहे गं.'

पुढच्याच महिन्यात तू अर्जाचं काढलंस. मी हो का म्हटलं ते आजही मला सांगता येणार नाही. तू विचारलंस, मी मान हलवली, झालं. ठाण्याच्या त्या ऑफिसाचा जिना चढताना तू पुढे होतीस, पदर खोचून, सरळ मानेनं, आणि मी मागे. तुझ्या पदराला धरलं नव्हतं एवढंच. साहेब काही वाईट नव्हते. बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि विचारलं, तुमचं म्हणणं काय? तू म्हणालीस, 'ओव्हरटाइम, साहेब. दुप्पट दरानं. मागचे सगळे.' एकाही शब्दाला अडखळली नाहीस. मी शेजारी बसून माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. खाली उतरल्यावर आपण वडापाव घेतला आणि तुझा तू मला दिलास. 'तेलकट आहे, तूच खा,' म्हणालीस. मी दोन्ही खाल्ले.

आणि मग तू गेलीस. रविवारी सकाळी, ओट्यापाशी चहा गाळताना खाली बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आदल्या दिवशी आपण थांबलो होतो. त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का, हे कोणाला विचारायचं? विचारून काय मिळणार, हेही मला माहीत आहे. पण तेव्हापासून डाव्या हाताला मुंग्या आल्या तरी मी जिथे असेन तिथे बसकण मारते. परवा तर मासळीबाजारात कोळणीच्या पाटीशेजारी बसले. ती म्हणाली, 'घ्यायचे नसतील तर ऊठ बाई.'

तर तुझं तेरावं. गावाहून तुझ्या सासरची माणसं आली होती. भावोजींच्या आत्या, त्या मिशरी लावणाऱ्या, खिडकीखाली पाय पसरून बसल्या होत्या. पंगत उठत होती, दुखवट्याच्या टॉवेल-टोप्या येत होत्या, भावोजी प्रत्येकापुढे मान खाली घालून बसत होते. चष्म्याविना त्यांचं तोंड ओळखू येत नव्हतं. मी खीर वाढत होते. तेवढ्यात शेठ आला आणि त्याच्या मागून घरत. बसायला खुर्ची दिली. शेठनंही टॉवेल-टोपी आणली होती, रीत त्याला ठाऊक होती. ती त्यानं भावोजींच्या हातात दिली आणि वर एक जाड पाकीट ठेवलं. म्हणाला, 'नलिनीबाई आमच्या घरच्यासारख्या. हा कंपनीतर्फे दुखवटा समजा.'

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बरं झालं, असंच आलं. तुझ्या निखिलची नोकरी कच्ची, भावोजींचं पेन्शन ते काय. आता शेठच मनानं देतोय, तर तारखेला जायची वेळ येणार नाही, असंही वाटलं. तू रागावू नकोस. भ्यालेल्या माणसाला सुटकेचं दार पहिलं दिसतं.

मग घरतनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. हळू आवाजात म्हणाला, 'भाऊ, हितं एक सही. काय नाय, फुल अँड फायनलची.'

फुल अँड फायनल. आपल्या गाळ्यातल्या सगळ्या शब्दांत मला ह्याचीच धास्ती. हजेरी, खाडा, उचल सगळं परत परत येतं, हे एकदाच येतं, माणूस कामावरून कायमचं सुटताना. आणि खाली सही केली की आता माझं काही येणं बाकी नाही, असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. म्हणजे तुझ्या सगळ्या थांबण्याचे पैसे त्या पाकिटात आले, आणि त्याला नाव पडलं दुखवटा. तुझं मागणं तुझ्या नवऱ्याच्या सहीनं मिटणार, परवाच्या तारखेला मी एकटी उरणार, आणि एकट्या बाईला वेडी ठरवायला किती वेळ लागतो? आमच्याकडे म्हणतात, दुखवटा नाकारला तर गेलेल्या माणसाचा अपमान होतो. शेठलाही ते माहीत असणार. म्हणून तर तो दिवस निवडला.

भावोजींनी पेन हातात घेतलं. मग कागद लांब धरला, जवळ धरला, आणि निखिलला म्हणाले, 'चष्मा आण रे आतला.' निखिल आत गेला. तो चष्मा घेऊन येईपर्यंतचा वेळ माझ्याकडे होता.

तुला वाटेल मी उठून काही ठणकावून बोलले. तसं काही झालं नाही. माझ्या हातात खिरीचं भांडं होतं. तेराव्याच्या घरात पैशाचं कोणी बोलतं का? चार माणसं काय म्हणतील? सोमवारी मला गाळ्यात कोण घेईल? मुलीची फी, घराचा हप्ता, सगळं डोळ्यांपुढून गेलं. निखिल चष्मा पुसत बाहेर आला आणि माझ्या तोंडातून कसाबसा चिरका आवाज निघाला.

'शेठ, दुखवट्याला सही कशाला?'

शेठनं माझ्याकडे बघितलं. आधी ओळखलं नसावं, साडी वेगळी होती. 'तसं काही नाही बाई,' तो म्हणाला. 'ऑडिटला लागतं.'

'काय म्हणता ती?' आत्याबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून निखिलनं मोठ्यानं सांगितलं. सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. आत्याबाई ताठ बसल्या. 'दुखवट्याक सही खंय घेतत? आमी काय उसने घेतले?'

कोणीतरी हो ना म्हणालं. भावोजींचं पेन तसंच हवेत. मला वाटलं आता झालं, आता आत्याबाई निभावून नेतील, मी गप्प बसले तरी चालेल. पण घरत भावोजींच्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागला आणि भावोजी मान हलवू लागले. तुझा नवरा कोणालाही मान हलवतो, हे तुला मी सांगायला नको. मग मी भांडं खाली ठेवलं. 'भावोजी, थांबा,' मी म्हटलं. 'शेठ, हा दुखवटा असेल तर तसाच ठेवा, देवापुढे ठेवू. पण सही हवी असेल तर तो पगार आहे. मग त्यावर ओव्हरटाइम लिहा, दुप्पट दरानं मोजा, भावोजी सही करतील.'

तो शब्द मी पहिल्यांदा बोलले, नलूताई. तुझ्या फोटोसमोर, उष्टी पत्रावळ पायाशी असताना. बोलून झाल्यावर मी भिंतीला टेकले.

शेठची आता दोन्हीकडून पंचाईत. मोजून द्यायचे म्हटले तर ओव्हरटाइम होता हे कबूल. पाकीट उचलावं, तर चार माणसांत ठेवलेला दुखवटा कोणी उचलून परत नेतं का? तो घरतकडे वळला. मग तसंच हसला, त्या खंडेनवमीसारखं. 'राहू दे, घरत. सही राहू दे,' म्हणाला आणि उठला. तुझ्या फोटोला हात जोडले. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, 'सुमनबाई, सोमवारी भेटू.'

चांगल्या माणसाच्या तोंडीही हे वाक्य असतं. पण ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

सोमवारी गेले. कोणी काही बोललं नाही, हेच जास्त वाईट. शेठ आपल्या केबिनमधून दोनदा बाहेर आला, दोनदा आत गेला. संध्याकाळी घरतनं सगळ्यांना विचारलं, कोन कोन थांबतंय, आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, 'तू नाय. शेठनं सांगितलंय.' मी म्हटलं, बरं. तो तिथेच घुटमळला. मग हळूच म्हणाला, 'गो सुमनबाय, माझा बापूस मिठागरावर मेला. मुकादम हातावर ठेवल ते घेतला त्यानं, कदी तोंड उघरला नाय. म्हनून आमी जगलो. तू पन गप ऱ्हा.' त्याच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही. तोही भ्यालेला होता, माझ्यासारखाच.

तेव्हापासून मी एकटी वेळेवर सुटते. उजेडात घरी जायची सवय मोडलीय गं. रस्त्यावर शाळेतली पोरं, भाजी घेणाऱ्या बायका, आणि मी त्यांच्यातून चोरासारखी चालते. मागून मोटरसायकल हळू झाली तर वळून बघते. अनोळखी नंबरचा फोन आला तर उचलत नाही, मग तासभर तो कोणाचा असेल ह्याचा घोर. रोज संध्याकाळी वाटतं, उद्या घरत सांगणार, महिनाभर ब्रेक घे. आपल्याकडे काढून टाकलं असं कोणी म्हणत नाही, ब्रेक दिला म्हणतात. ह्या शब्दावर आपण दोघी किती हसायचो, आठवतं? आता नाही हसू येत.

आणि रागही येतो तुझा. खूप येतो. मला इतक्या पुढे आणून ठेवलंस आणि स्वतः निघून गेलीस. थोडं थांबायचं होतंस. तारखेपुरतं तरी. इतक्या संध्याकाळी शेठसाठी थांबलीस, माझ्यासाठी एक महिना नाही थांबवलं तुला?

काल भावोजी आले होते कोपरला. पहिल्यांदाच आले. मी खिरीचं भांडं तिथे विसरले होते, ते द्यायचं निमित्त. भांड्यात मूठभर साखर घातली होती, रिकामं परत करू नये हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे, तूच शिकवलं असशील. पाकीट अजून उघडलेलं नाही, म्हणाले. तारखेला ते बरोबर घेऊन येणार आणि साहेबांपुढे ठेवणार. 'हे मिळाले. कशाचे ते ज्यानं दिले त्यानं सांगावं.' वारस म्हणून तुझ्या जागी ते उभे राहणार. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. निखिल आधी नको म्हणत होता, मग त्यानंच कागद काढून दिले.

चहा झाला. कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, 'सुमनताई, तुमच्यामुळे गेली हो ती त्या दिवशी ठाण्याला.'

मी म्हटलं, 'माझ्यामुळे? मीच तिच्या मागून गेले.'

'नाही नाही. सकाळी देवापुढे बसून थरथर कापत होती. भाकरीचा तुकडा गिळेना. मी म्हटलं, इतकी भीती वाटते तर जाऊ नको. तर म्हणाली, सुमन स्टेशनवर येऊन उभी असेल. ती बघा कशी शांत असते, तिला कशाचं काही वाटत नाही. ती बरोबर आहे म्हणून माझे पाय उचलतायत.'

नलूताई, मी शांत? त्या जिन्यात मी बोलत नव्हते, कारण माझी जीभ टाळूला चिकटली होती. रिक्षातून उतरून पळून जावं असं मला तीनदा वाटलं, आणि पळाले नाही, कारण तू पुढे चालली होतीस. तू माझ्याकडे बघून चालत होतीस, मी तुझ्याकडे बघून. म्हणजे त्या ऑफिसात साहेबांसमोर खुर्च्यांवर दोन घाबरट बायका बसल्या होत्या, आणि धीट असं तिसरं कोणी नव्हतंच. मी हसले. भावोजी दचकले. मग मी तोंडाला पदर लावून रडले, आणि ते बिचारे भांड्यातली साखर चमच्यानं सारखी करत बसले.

मला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर आपण दोघी परत फिरलो असतो, म्हणूनच नाही सांगितलंस. कळतंय मला. तरी सांगायला हवं होतंस.

निघताना भावोजी दारात घोटाळले. एक चप्पल पायात, एक हातात. आयुष्यात कधी कुठल्या साहेबापुढे ते बोलले नाहीत, तुला माहीत आहेच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पंखा चालू असून.

'सुमनताई,' ते म्हणाले, 'तुम्हाला नाही ना भीती वाटत?'

मी भांडं उचललं, साखर डब्यात ओतली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हटलं, 'छे हो. कसली भीती?'